ओल्या मोज्यांचा धडा

प्रिय खारुताई,

तुला हसू येईल, पण आज माझा अर्धा दिवस शिंक आवरण्यात गेला. माझी रेकॉर्डिंगची खोली तू पाहिलेली नाहीस. व्यायामाच्या जुन्या, धुळकट गाद्या भिंतींना टेकवलेली अडगळीची खोली आहे ती. खिडकी बंद, आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद. समोर कॉम्प्युटर आणि माइक. त्यांना मी ‘मुलांनो’ म्हणते, प्रश्न विचारते, उत्तरासाठी थांबते आणि ‘शाब्बास’ म्हणते. कुणाला, देव जाणे! पलीकडे तुमचा अख्खा वर्ग हेडफोन लावून तो पॉडकास्ट ऐकतो, आणि मला तिथे डोकवायचीही मुभा नाही; मुलांचं लक्ष उडतं म्हणे. पहिला पॉडकास्ट मीच हौसेनं केला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आता सगळे धडे पॉडकास्टवरच, समोर बसवून शिकवायला एकही वर्ग उरला नाही. खडूच्या धुळीसाठी कुणी झुरतं का? मी झुरते.

मोज्यांचं मात्र माझं चुकलं. बाष्पीभवन समजावताना घरचंच उदाहरण तोंडात आलं, की माझी लेक ओले मोजे कॉम्प्युटरच्या मागच्या गरम हवेवर वाळवते आणि खोलीभर वास सुटतो. वर्गात बोलले असते तर मुलं हसली असती आणि विसरली असती. इथे ते वाक्य प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन बसलं. तुला सगळे ‘मोजे’ म्हणून चिडवतात, डबा खातानासुद्धा, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. तू अवाक्षर काढलं नाहीस.

मी मोठ्या बाईंकडे गेले. तेवढं वाक्य कापू द्या म्हटलं, कारण फाइल उघडायचा पासवर्ड त्यांच्याकडेच असतो. त्या म्हणाल्या, त्याच वाक्यामुळे तर पोरांच्या डोक्यात बाष्पीभवन शिरलंय. मग मी म्हटलं, नोकरी सोडते. त्या शांतपणे म्हणाल्या, सोडा, पण पॉडकास्ट शाळेचे आहेत, ते राहतील. म्हणजे मी बाहेर पडले तरी माझा आवाज आतच, आणि तू त्याच्यासमोर बसलेली. इकडे आड, तिकडे विहीर. फार कोंडल्यासारखं होतं गं.

परवा तुझी माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तू कानांवर हात ठेवलेस. दिवसभर तूच बोलतेस, घरी तरी गप्प बस, म्हणालीस. बरोबर आहे तुझं. म्हणून एका घरात राहून, मधे एक भिंत असताना हे लिहिलं आणि तुझ्या दाराखालून सरकवतेय. मी बोलणार नाही. तू बोल. रागाव, भांड, मनात येईल ते म्हण. मी स्वयंपाकघरात बसलेय, मधे एक शब्दही घालणार नाही. किती दिवस झाले, परवाचं ते वाक्य सोडलं तर या घरात मी तुझा आवाजच ऐकलेला नाही.

तुझीच,
आई