दुपारी बंद होणारा कूलर

१९ मे २०२४

आजही बंद! दुपारी दोनला गोंदियाहून घरी फोन केला. मायच्या बोलण्यामागे कूलरची घरघर नाही. म्हणजे बंदच! अठरा वर्षं कूलर-एसी दुरुस्त करतोय. पंप सुकलाय की मोटरचा बुश गेलाय, नुसत्या आवाजावरून सांगतो. आणि माझ्याच घरी, सालेकशात, ऐन मे महिन्यात कूलर बंद!

फेब्रुवारीपासून बाबा खाटेवर आहेत. अर्धं अंग गेलंय. डॉक्टरांनी बजावलंय — उन्हात जपा, खोली थंड ठेवा. मायला दहादा सांगितलं. ती मान हलवते, आणि मी सकाळच्या गाडीत बसलो की केव्हातरी बटन दाबते.

२० मे

गुलाबचंद शेठचा एसी. "भैया, सोला पे रखा है, फिर भी कमरा ठंडा नहीं होता!" फिल्टर काढला — धुळीची गोधडी! दोन उन्हाळे कुणी धुतलेला नाही. म्हटलं, पंधरा दिवसांनी एकदा नळाखाली धरा, चोवीसवर चालवा, वीजही कमी लागेल. तर म्हणे, "वो तो तुम्हारा काम है." डोकं फिरलं.

घरी येतो तर काय, खिडक्या गच्च लावलेल्या! कूलरला खिडकी उघडी लागते. नाहीतर आत ओल कोंडते, अंग चिकचिकतं, वीज फुकट जाते. गावभर हेच शिकवत फिरतो मी.

"काऊन लावली व खिडकी?"

"मालगाडी लय वाजते."

मालगाडी! जन्म गेला हिचा रुळाशेजारी, आणि आत्ता वाजायला लागली!

२२ मे

सुट्टी टाकली. कूलर पूर्ण उघडला. आतलं गवत क्षारानं दगड झालं होतं. फेकलं, नवं भरलं. टाकी घासली, पंप साफ केला, मोटरला तेल दिलं. हवा अशी सुटली की बाबांची चादर उडाली! माय नुसती कूलरकडे बघत राहिली, सवत घरात आणल्यासारखी.

२४ मे

बंद.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस. काम सोडून दुपारीच घरी आलो. बंद! खिडक्याही बंद! बाबा घामानं भिजलेले, कपाळावर ओलं फडकं, आणि माय हातपंख्यानं वारा घालतेय. वीज आहे, कूलर आहे, आणि ही हातपंखा हलवतेय!

नको ते बोलून गेलो. "बाबाले मारून राहिली का व?"

ती पंखा हलवतच राहिली. त्याचा जास्त राग आला. बटनच काढून टाकलं आणि तार सरळ जोडून दिली. कर आता बंद!

२७ मे

आज फोनमध्ये कूलर ऐकू आला. जिंकलो, असं वाटलं. माय मात्र धड बोललीच नाही, "हो, हो" करून फोन ठेवला. चैन पडेना म्हणून लवकर निघालो.

कूलर जोरात चालू. माय खाटेजवळ जमिनीवर बसलेली, कान बाबांच्या छातीला लावून. डोळे लाल. मी आलेलं तिला कळलंच नाही. खांद्याला हात लावला तशी दचकली.

"तुया कूलरच्या आवाजात याइचा स्वास आयकू येत नाही रे, उमेंद्र. झोपले का मधीच थांबते. हालवलं का मंग येते."

"कधीपासून?"

"होळीपासून."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"तुले दिवसभर उनात काम. अजून कायले घोर?"

डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, उद्या संध्याकाळी घेऊन या.

२८ मे

बटन परत बसवलं. मायचा हात बसल्या जागी पोचेल एवढं खाली.

दुपारी दोनला मीच ते दाबून कूलर बंद केला. मायला म्हटलं, तू पड जराशी. मी ऐकतो.