नोएलिनला खुर्चीत फिरवल्याबाबत

येशू, मरिया, जोसेफ (ये. म. जो.)
मसाका, गुरुवार, ९ जून २०१६

चि. नोएलिन हिस रेस्टिट्युटाआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मंगळवार, ७ जून रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कंपालातल्या एका दवाखान्यात माझ्या भाचीला कचेरीत असते तशा फिरत्या खुर्चीत बसवून पूर्ण एक मिनिट गरागरा फिरवण्यात आलं. फिरवणारा इसम हातात घड्याळ धरून उभा होता.

हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं ते तुझ्या धाकट्या बहिणीकडून. सोबत म्हणून गेलेली गोरेट्टी दाराच्या फटीतून बघत होती. फिरवून झाल्यावर त्याने कसं वाटतंय म्हणून विचारलं, आता मी मरणार, असं तू म्हणालीस, आणि छान, असं तो म्हणाला म्हणे. गोरेट्टी खोटं बोलते, पण इतकं रचायचं डोकं तिला नाही.

अडतीस वर्षं मी मुलींची शाळा चालवली. परीक्षेआधी थरथरणाऱ्या मुलींना मी खिडकीशी उभं करून दहा खोल श्वास घ्यायला लावायची. त्या जाऊन पेपर लिहायच्या आणि पासही व्हायच्या. तुलाही दोन वर्षांपूर्वी मी पाच कार्डं लिहून दिली. खोल श्वास घे. शंभरपर्यंत आकडे मोज. चांगलं तेवढंच मनात आण. जिथे त्रास होतो तिथे जाऊ नकोस. सगळं नीट होणार आहे. पाचवं लाल शाईत होतं. खुर्चीचा उल्लेख कुठेही नव्हता. आपल्यात मुलीला चार गोष्टी सांगायचं काम आत्याचं. आईसुद्धा मध्ये पडत नाही, मग हा घड्याळवाला कोण?

३० जुलैला तुझा क्वांजुला आहे, डेनिसकडचे रीतसर मागणी घालायला पुन्हा येणार. ९ एप्रिलला काय झालं ते माझ्या लक्षात आहे. डेनिसकडची ऐंशी माणसं पांढरे पायघोळ कांझू घालून मंडपात बसली होती. तू गोमेसी नेसून दारातून बाहेर आलीस, सहा पावलं चाललीस, आणि पाहुण्यांपुढे गुडघे टेकायचे सोडून केळीच्या बागेत पळालीस. तुला मलेरिया झाल्याचं मी जाहीर केलं. पुढच्या रविवारी फादरांकडे त्याची कबुलीही दिली. डेनिसच्या काकांनी तुझ्या बाबांना सांगून ठेवलंय की ते एकदा परत गेलेत, दुसऱ्यांदा परत गेले तर पुन्हा येणार नाहीत. मुलगा चांगला आहे. तुला हवा आहे. अशा वेळी भोवऱ्यासारखं फिरणं हा काय उपचार झाला?

लेखी खुलासा पाठव. फोनवरचा संदेश मी खुलासा मानत नाही. मसाकाच्या टॅक्सीवाल्याकडे पाकीट दे, मी थांब्यावरून घेईन.

माया आहे तेवढीच आहे. राग वाढला आहे.
तुझी आत्या


कंपाला, १३ जून

ती. आत्या यांस नोएलिनचा सा. न. वि. वि.

गोरेट्टीने अर्धंच सांगितलं. खुर्चीनंतर मला चार जिने पळत चढायला लावलं आणि वर पोचल्यावर बसू दिलं नाही.

त्यांचं नाव श्री. अयेबारे. ते मानसोपचाराचेच आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी माझी पिशवी रिकामी करायला लावली. तुमची पाच कार्डं, पाण्याची बाटली, तोंडाशी धरायची कागदी पिशवी, पेपरमिंट, आणि फोन बंद पडला तर म्हणून डेनिसचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. हे नसलं तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. मी मरेन म्हटलं. आजपर्यंत कितीदा मेलात, असं विचारून ते पेन उघडून बसले. आत्या, तुमची आठवण झाली.

कार्डांबद्दल तुमचा गैरसमज नको. मी ती तंतोतंत पाळली. चौथं तर फारच. बाजारात त्रास झाला, बाजार सोडला. चौदा माणसांच्या टॅक्सीत झाला, टॅक्सी सोडली. आता रोज दीड तास चालत कामाला जाते. चर्चमध्ये मिस्साला दाराजवळच्या बाकावर बसायची, मग पायरीवर, आता रेडिओवर ऐकते. सोडलं की त्या क्षणी इतकं बरं वाटतं की पुढच्या वेळी आणखी लवकर सोडते. आता सोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही. कॉफीच्या गिरणीतलं माझं टेबल आणि माझी खोली, एवढंच.

श्वासाचं सांगते. मोठमोठे श्वास घेतले की माझ्या बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, आणि मला वाटतं की हाच शेवट. तुमच्या मुलींना पेपरची भीती होती. पेपर संपला की ती संपायची. मला माझ्या छातीतल्या धडधडीचीच भीती वाटते, आणि ती मी सगळीकडे सोबत नेते. शांत हो म्हटलं की मी शांत झाले का ते तपासते, चांगलं मनात आण म्हटलं की वाईट आलं का ते बघते. बघितलं की ते असतंच. म्हणून खुर्ची. धडधड मुद्दाम आणायची, काही न करता बसायचं, आणि ती आपली आपण जाते का ते बघायचं. मंगळवारी एकोणीस मिनिटांत गेली.

पाचव्या कार्डाबद्दल लिहायला धीर होत नाही. ते मी दिवसातून चाळीसदा वाचायची. आधी तासभर पुरायचं, मग दहा मिनिटं, मग तेवढंही नाही. म्हणून आईला फोनवर विचारते, डेनिसला समोर विचारते, तुम्हाला दर पत्रात विचारते, की सगळं नीट होईल ना. तुम्ही सगळे हो म्हणता. ते हो बंद करायचं ठरलं आहे. आत्या, तुम्हीही ते लिहायचं नाही. कार्डं सोबत परत पाठवते आहे.

रागावलात तरी पत्र थांबवू नका.
तुमची नोएलिन


ये. म. जो.
मसाका, १८ जून

चि. नोएलिन हिस आशीर्वाद, वि. वि.

पाकीट मिळालं. कार्डं मोजून घेतली, पाच आहेत. पाचव्याचे कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि लाल शाई पुसट झाली आहे. मी ती शाई चांगल्या प्रतीची म्हणून विकत घेतली होती.

ज्याला मी कधी पाहिलेलं नाही असा एक मनुष्य मला माझ्या भाचीला धीर द्यायला बंदी करतो. मी त्याला तीन पानी पत्र पाठवलं होतं. चार ओळींचं उत्तर आलं. दमलेल्या, काळजीत पडलेल्या माणसाला तुमची कार्डं उपयोगी आहेत, असं तो लिहितो. मात्र ज्याला हा आजार आहे त्याला धीराची सवय लागते, मात्रा वाढवावी लागते, आणि स्वतःवरचा भरवसा मात्र दर वेळी कमी होतो. अक्षर गिचमिड. व्याकरणाची चूक एकही सापडली नाही. दोनदा शोधली.

काल चर्चमधल्या आमच्या बायकांच्या सभेत तुझा विषय निघाला. कोणी गरम दूध सुचवलं, कोणी पहाटे चालणं, कोणी मनाला लावून न घेणं. तुला मनाला लावून घ्यायचा छंद आहे अशा थाटात चाललं होतं. ती रोज तीन तास चालते, असं मी म्हटलं. सभा लवकर संपली.

मी अजून तुझ्या बाजूची झालेले नाही. पण पाचव्या कार्डावरचं ते वाक्य या पत्रात नाही, बघून घे.

लोभ ठेव, मीही ठेवते.
आत्या


कंपाला, ११ जुलै

ती. आत्या यांस सा. न. वि. वि.

पत्रात ते वाक्य शोधलं. दोन्ही बाजूंनी शोधलं. नाही.

पहिल्या आठवड्यात टॅक्सीने एक थांबा, बाटलीशिवाय. दुसऱ्या आठवड्यात चार. एका गुरुवारी मी मधेच उतरले, कंडक्टरला वेडी समजून शिव्या द्यायला निमित्त दिलं, आणि पुढच्या टॅक्सीत पुन्हा चढले. श्री. अयेबारेंनी नोंद केली ती चढल्याची. बाजारातल्या टोमॅटोवालीने दोन वर्षं कुठे मेली होतीस म्हणून ओरडून विचारलं. मी म्हटलं, बऱ्याचदा. काल मिस्साला तिसऱ्या बाकावर बसले. अर्पणाच्या वेळी पाय गेलेच असं वाटलं, तरी उठले नाही. फादरांचं प्रवचन मी एक अक्षर ऐकलं नाही, पण ते इतरांचंही तसंच असतं.

बरी झाले असं समजू नका. भीती वाटतेच. फक्त मी तिला विचारून कुठे जात नाही.

तुमच्या रागाला आणि तुम्हाला नमस्कार.
नोएलिन


कंपाला, २३ जुलै

ती. आत्या यांस सा. न. वि. वि.

बाबांनी गायकवृंदालाही बोलावलं आहे. पाहुणे दोनशे चाळीस झाले. कालपासून तीनदा झटका आला, एकदा कामावर सगळ्यांसमोर. मंडपातली गुडघे टेकायची चटई डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पुन्हा पळाले तर डेनिस एकटा त्याच्या काकांच्या तोंडाकडे बघत उभा राहील.

नियम मला माहीत आहे. आत्या, एकदाच. सगळं नीट होईल, एवढं एका ओळीत लिहा. श्री. अयेबारेंना सांगणार नाही. नंतर कधीही मागणार नाही.

तुमचीच,
नोएलिन


ये. म. जो.
मसाका, सोमवार, २५ जुलै

चि. नोएलिन हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल दुपारी तुझं पत्र मिळालं. लगेच उत्तर लिहिलं, तू मागितलीस ती ओळ. पाकीट घेऊन थांब्यावर गेले, टॅक्सीवाल्याच्या हातात दिलं, आणि परत मागून घेतलं. आजीबाई, पैसे परत मिळणार नाहीत, असं तो म्हणाला. मी त्याला आजीबाई कोणाला म्हणतोस ते विचारलं. मग घरी येऊन रात्रभर जागी राहिले. हे तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही, माहितीसाठी लिहिते.

सगळं नीट होईल का, असं तू विचारलंस. मला माहीत नाही.

हे वाक्य मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही, शाळा तपासायला येणाऱ्यालाही नाही. सातव्या पावलावर तू थांबशील का, गुडघे टेकताना तोल जाईल का, मला माहीत नाही. डेनिसचे काका किती वेळ बसून राहतील, तेही नाही. तू निघून गेलीस तर मी तुला आणायला येणार नाही. परत यायची वाट तुझ्या पायाखालची आहे. टॅक्सीत पुन्हा चढलीस तेव्हाही मी तिथे नव्हते.

रीतीप्रमाणे आत्याचं जे काम ते मी करीन. मला बोलावतील तेव्हा त्या सगळ्या कांझूंमधून मी डेनिसला ओळखून पुढे आणीन. तुझी पावलं तुझ्याकडे.

एक गोष्ट मात्र तुला विचारल्याशिवाय करायची नाही असं ठरवलं आहे. या वेळी पाहुण्यांना मला खरं सांगायचं आहे. तू दारात येण्याआधी माइक हातात घेऊन मी सांगेन की आमच्या मुलीला घबराटीचा आजार आहे, ती त्याच्यासकट बाहेर येते आहे, वेळ लागेल, सगळ्यांनी बसून राहावं. तुझ्या बाबांना हे पसंत नाही. त्यांना मी विचारलेलं नाही. तुला विचारते आहे, कारण आजार तुझा आहे.

सांगू की नको? हो किंवा नाही, एवढंच, तुझ्या हस्ताक्षरात, खाली सही करून, गुरुवार, २८ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पोचलं पाहिजे. मी थांब्यावर उभी असेन. तुला कसं वाटतंय ते लिहू नकोस, ते मी विचारलेलं नाही.

तुझी आत्या,
रेस्टिट्युटा