ठसा न मारलेली कार्बाइन

गिरगाव, मुंबई ४
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय लवू,

नमस्कार. तुझा गुडघा, रखमावहिनींचा दमा, दारचं भात, सगळ्याची चौकशी केली असं समज. आम्ही दोघं बरे आहोत. पद्मजाचा मोतीबिंदू निघाल्यापासून तिला माझ्या शर्टावरचे डाग दिसायला लागलेत. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. हल्ली फोनवर कोण काय रेकॉर्ड करील याचा नेम नाही.

तर आधी मला एक सांग. तुझी रुपाली रविवारी आमच्याकडे कशाला आली होती? म्हणाली, "सहज आले, काका." लालबागहून गिरगावात येऊन तीन जिने सहज कोणी चढत नाही. चिवड्याचा पुडाही आणला होता. अर्धा कप चहा झाल्यावर विचारते, "दुकानाची जुनी डिलिव्हरीची वही अजून आहे का हो तुमच्याकडे?" मी म्हटलं, वाळवीने खाल्ली. त्याच क्षणी पद्मजाने कॉटखालच्या ट्रंकेकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं शिकवायचं राहूनच गेलं. रुपालीच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. तू पाठवलं होतंस का तिला? शनिवारी अपघात होतो आणि रविवारी तुझी मुलगी माझ्या दारात. मी चाळीस वर्षं बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकांचे चेहरे वाचत बसलो, मला एवढं कळतं.

अपघाताचं तुला कळलंच असणार, तरी लिहितो. दादरच्या गुप्तेसाहेबांची कार्बाइन आठवते? लढाईच्या काळातली, आखूड नळीची. मूळची काडतुसं मिळेनात, म्हणून अठ्ठ्याण्णव साली तू तिची नळी बदललीस आणि दुसऱ्या मापाची केलीस. बाजारातलं काडतूस तिच्यात बसायचं, पण जुन्या लोखंडाला ते सोसणारं नव्हतं. तिला फक्त आपल्या दुकानात कमी दारू घालून हाताने भरलेलीच काडतुसं चालायची. साहेबांना हे पाठ होतं. साहेब गेले. बंदूक रीतसर त्यांच्या मुलाच्या, धनेशच्या नावावर झाली. शनिवारी त्याची मुलगी, पूर्वी तिचं नाव, ती रेंजवर घेऊन गेली आणि तिने बाजारातलं काडतूस भरलं. मागचा भाग फुटला. उजव्या डोळ्याचं अजून डॉक्टर काही सांगत नाहीत. पोरगी सव्वीस वर्षांची आहे, नेमबाजीत राज्यातर्फे खेळलेली.

अशा प्रत्येक बंदुकीच्या नळीवर आपण 'फक्त हातभरणी' असा ठसा मारायचो. म्हणजे तू मारायचास. चौकशी अधिकाऱ्याने मला फोटो दाखवला. त्या जागी नळी गुळगुळीत आहे.

आता तुला त्या ठशाबद्दल काय काय आठवतं, ते आधी मला लिहून कळव. मी काही सुचवत नाही. मला तुझ्या तोंडूनच हवं.

लवू, वरचं वाक्य लिहून मी उठलो, गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसलो. तुला काहीच आठवत नाहीये, हे मला ठाऊक आहे. रुपालीने सांगितलं ते मी वर लिहिलं नाही. ती म्हणाली, "बाबा कालपासून जेवले नाहीत. म्हणतात, माझ्याच हातून राहिलो असतलो. वहीत बघून सांगा ना, काका." एवढ्यासाठीच आली होती बिचारी. आणि मी तिला वाळवी सांगितली.

तुझ्या हातून राहिला नाही. त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी तू हत्यारं पुसून मांडलीस, हळदकुंकू वाहिलंस. कार्बाइन तयार होती, ठसा तेवढा राहिला होता. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, मारून टाक. तू म्हणालास, "भाऊ, ठसे पूजेत ठेवलंय. आता हात लावचंय नाय. उद्या सोना वाटून झाला काय मारतंय. तवसर बंदूक भायर जावची नाय." आणि काळाचौकीला घरी गेलास.

संध्याकाळी साहेब आले. त्यांना दसऱ्याच्या शस्त्रपूजेला ती घरात हवी होती. एवढा मोठा माणूस काउंटरवर ताटकळत उभा, मला नाही म्हणवेना. दिली. वहीत 'ठसा मारून दिली' असं लिहिलं. तू ठसा मारलास की तिथे 'ल' काढायचास. त्या ओळीपुढे 'ल' नाही, माझी सही आहे.

तू दिवाळीपर्यंत मागे लागला होतास, ती बंदूक परत आणवा म्हणून. शेवटी दिवाळीला गावी जाऊन तू परत आल्यावर मी सांगितलं, साहेब येऊन गेले, मीच मारला ठसा. तू हसलास, "तुमका हातोडी धरूक येता, भाऊ?" मीही हसलो. तो विषय तिथेच मिटला. गुप्त्यांच्या घरी एक फोन करायला मला सत्तावीस वर्षं होती.

मंगळवारी पूर्वीला भेटून आलो. डोळ्यावर पट्टी. मला म्हणते, "आजोबा सांगायचे, गिरगावच्या दुकानावर डोळे झाकून विश्वास ठेवावा." आणि स्वतःच हसली. मला तिथे बसवेना.

तरीही मी तिथून उठून थेट जबाब द्यायला गेलो आणि लिहून दिलं की ठसा मारणं हे मिस्त्रीचं काम होतं, देवाधर्माच्या नादात तो विसरला असावा. मिस्त्रीचं नाव विचारलं. सांगितलं. लवू सखाराम परब, मुक्काम पोस्ट सगळं. तुझ्याकडे माणूस येईल. तू भोळा आहेस, विचारलं तर हो म्हणशील, हा हिशेब मी मनात केला होता.

उद्या सकाळी वही घेऊन जबाब बदलायला जाणार आहे. असं मी कालही ठरवलं होतं. पद्मजाला सांगितलेलं नाही, म्हणजे मागे फिरायची वाट अजून मोकळी ठेवली आहे. जन्मभर मी गिऱ्हाइकांवर, शेजाऱ्यांवर, कालपरवा तुझ्या पोरीवरही संशय घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याला तेवढं सोडलं. सोमवारपर्यंत माझा फोन आला नाही, तर मी गेलो नाही असं समज. मग माझी वाट पाहू नकोस, मला विचारूही नकोस. हे पत्र रुपालीकडे पाठव आणि ते घेऊन तिला पोलीस चौकीवर जायला सांग.

आज जेव.

जबाबाखाली केली तशीच पूर्ण सही इथे करतो आहे, म्हणजे अक्षर माझं नाही असं मला उद्या म्हणता येणार नाही.

गंगाधर रामचंद्र आगाशे