रंग वाळताना

३ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

कंपनीच्या गेटवर फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा तपासणी अहवाल खोटा होता, मी सही केली नाही. तेव्हापासून मला प्रयोगशाळेतून उचलून एका रिकाम्या खोलीत बसवलंय. काम नाही, बोलायला माणूस नाही. आज अकरावा दिवस. वीस तारखेला सरकारी तपासनीस येणार. त्याआधी मी राजीनामा द्यावा, एवढंच साहेबांना हवंय. रोज कागद घेऊन येतात. काल हसत इंग्रजीत म्हणाले, हे तर रंग वाळताना बघत बसणं झालं. असं म्हणायला सुरुवात कुणी केली हो? तुम्ही रंगारी, त्यात डिक्शनरी उशाला घेऊन झोपणारे!

मामा, मी भिंतीशी बोलायला लागलेय. उद्या-परवा सही करून मोकळी होईन.

तुमची लाडकी,
ठकू

७ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. साहेबांच्या त्या बोलण्याचा अर्थ असा, की जीव नकोसा व्हावा इतका कंटाळा. मूळ शोधायला वाचनालयातली जाडजूड पुस्तकं पालथी घातली, ग्रंथपालबाई वैतागल्या. पहिल्यांदा कोण म्हणालं, ते कुणालाच पक्कं ठाऊक नाही. एवढं नक्की, तो रंगारी नव्हता. आम्हाला ते बघावंच लागतं.

मामीलाही सांगितलं नाही, ते तुला सांगतो. एका दवाखान्यात जिन्याचा कठडा रंगवला होता. वाळेपर्यंत तिथं थांबायचं होतं. कंटाळलो, पाय मोकळे करून आलो. पंधरा मिनिटं फक्त. तेवढ्यात एका आजीबाईंनी ओला कठडा धरला, हात सटकला. त्या पुन्हा चालल्या नाहीत. मला कुणी बोललं नाही, तेच अजून खातंय.

बसून राहा म्हणायला जीभ रेटत नाही, पोरी. ऊठ असंही म्हणवत नाही. पोटभर जेवत जा.

तुझा,
मामा

१२ जून

ती. मामांस शि. सा. न.

आज साहेबांनी पुन्हा कागद पुढे केला. खोटं कशाला बोलू, मी पेन उचललं होतं. टोपणही काढलं. मग परत लावलं. साहेब कागद उचलून निघून गेले.

दुपारी शिपाई आला आणि मान खाली घालून टेबल-खुर्ची घेऊन गेला. आठ दिवस उरलेत. कागद भिंतीवर धरून उभ्यानंच लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या. माया आहे तशीच असू द्या.

ठकू