बाकी राहिलेलं पान

डीमन,
१९ फेब्रुवारी २००६

प्रिय पद्मजा,

हे पाकीट न उघडता परत पाठवू नकोस. आधीची दोन तू तशीच परत पाठवलीस. पोस्टमन माझ्याकडे असा बघतो, जणू मी कुणाला धमक्यांची पत्रं लिहिते. गेल्या वर्षी फोनवर तू म्हणालीस, सुहास, पुन्हा माझ्यापुढे तिचं नाव काढू नकोस. मी नाही काढलं. कॉन्व्हेंटात मौनाच्या तासालासुद्धा मी कधी गप्प बसले नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्यामुळे हे वर्ष मला कसं गेलं असेल, ते तूच समज. आज मात्र मी तुझ्या मुलीबद्दल लिहिणार आहे. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून रागाव.

परवा तिला जाऊन वर्ष झालं. त्या ट्रकवाल्याचा निकाल लागला. काही महिने गाडी चालवायची नाही आणि थोडी समाजसेवा करायची, बस. मी कोर्टात गेले होते, मागच्या बाकावर बसले होते. वळताना ती दिसलीच नाही, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. ट्रकच्या आरशात एक कोपरा असतो म्हणे, तिथली सायकल दिसत नाही. अंगात लाल कोट, डोक्यावर मी विणलेली भडक पिवळी टोपी, चांगली उंचीपुरी मुलगी, आणि दिसली नाही. मी उठून बोलणार होते. शेजारच्या बाईनं माझा हात दाबून धरला. ही बाई कोण, ते पुढे येईल.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. त्या फोनवर तू दोन गोष्टी बोललीस आणि दोन्ही माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक, की ती इथे परक्या देशात एकटी कुढत होती. दुसरी, की तिला बघायला आलेल्या त्या साताऱ्याच्या लोकांना तू स्वतःच त्या दिवशी घराबाहेर काढलं नसतंस, तर ती वाखनिंगनला शिकायला आलीच नसती, आणि आज साताऱ्यात सुखानं नांदत असती. दुसऱ्या गोष्टीवर मी तेव्हाच भांडणार होते, पण तू फोन ठेवलास. पहिलीवर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी ती माझ्याकडे यायची, जेवायची, पाठ टेकायची, आणि दुपारी वाचायला जाते मावशी म्हणून निघून जायची. कुठे, कुणाबरोबर, मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, लायब्ररीत जाऊन एकटीच बसत असेल.

ती गेल्यावर माझ्या पत्त्यावर तिच्या नावाचं एक कार्ड आलं. डच भाषेत, मोठ्या गोल अक्षरांत: नीला, पुस्तक आमचं आहे आणि नंबर तुझा आहे, पळून जाणार कुठे? खाली हर्मिना अशी सही आणि बाइलमरमधल्या एका सभागृहाचा पत्ता. मी ते फाडून टाकलं. पंधरवड्यानं दुसरं आलं. त्यावर कासवाचं चित्र काढलं होतं आणि कासवाला पिवळी टोपी घातली होती. पद्मे, माझं डोकंच फिरलं. मेलेल्या मुलीची थट्टा करतात, कोण ही हर्मिना, बघतेच हिला, असं म्हणून मी तिच्या बॅगेतून ते पुस्तक काढलं आणि शनिवारी दुपारी मेट्रोनं बाइलमरला गेले. तीस वर्षं मी डीमनला राहते. दोन स्टेशनांवर असलेल्या त्या वस्तीत मी तोवर उतरले नव्हते. तिथे जाऊ नये असं इथे सगळेच सांगतात, आपले मराठी लोक तर जरा जास्तच.

जिन्यातच हसण्याचा आवाज आला. आत दहाबारा बायका, बहुतेक सुरिनामच्या, म्हणजे डचांच्या जुन्या वसाहतीतल्या, दोघीतिघी घानाच्या. सगळ्या काळ्या, सगळ्या ठसठशीत, कुणाच्या डोक्याला रंगीत फडकं, कुणी केळ्याची भजी तळून आणलेली. मी दारात पुस्तक उंच धरून उभी राहिले आणि हर्मिना कोण, असं माझ्या ऑफिसातल्या आवाजात विचारलं. माझ्याच वयाची एक रुंद बाई हसत पुढे आली. माझ्याकडे, मग पुस्तकाकडे बघून म्हणाली, आहा, तुम्ही सुहासमावशी, आणि आमची पुस्तकचोर कुठे आहे? हा 'मावशी' शब्द तिनं इतका नीट उच्चारला की घरून जे सगळं घोकून नेलं होतं ते माझ्या तोंडातच राहिलं. त्यांना माहीतच नव्हतं, पद्मा. त्यांना कुणी कळवणार होतं कसं? मला सांगावं लागलं. त्या खोलीतलं हसणं माझ्यामुळे थांबलं, ते मी विसरणार नाही. मग त्या रडल्या. तोंडावर पदर घेऊन आपण रडतो तशा नाही. मोठ्यानं, एकमेकींना धरून. ती गेल्यापासून मी दाबून ठेवलेलं सगळं मग त्या परक्या बाईच्या खांद्यावर बाहेर आलं. कोर्टात माझा हात धरणारी हीच.

तर ही तिची वाचायची जागा. काळ्या लोकांवर झालेल्या अन्यायाची पुस्तकं त्या वाचतात. गुलामगिरी, वसाहती, नोकरीतला भेदभाव, आता त्यांच्याच इमारती पाडायला निघाल्यात ते प्रकरण. पण त्यांचा एक नियम आहे. सुरुवात आनंदाच्या पानानं करायची. जिचा नंबर असेल तिनं असं पान आणायचं ज्यात त्यांच्यासारखी माणसं हसताहेत, नाचताहेत, पोटभर जेवताहेत. पुस्तकातलं आणा नाहीतर स्वतःच्या आयुष्यातलं सांगा. नंबर चुकवायचा नाही. मी दुसऱ्याच बैठकीत भांडले. म्हटलं, तुमच्यावर एवढा अन्याय झालाय तर भांडा ना, हे खिदळणं कशाला? हर्मिना निवृत्त नर्स आहे, कुणाच्या आवाजाला ती भीत नाही. म्हणाली, भांडायला आम्ही सोमवारी नगरपालिकेत जातो, तुम्हीही या, तुमचं तोंड उपयोगी पडेल. ज्याच्यासाठी भांडतो ते शनिवारी. मी सोमवारची वेळ विचारून घेतली. मला वादात हरवणं तुझ्याखेरीज आजवर कुणाला जमलं नव्हतं. आता मी सोमवारीही जाते आणि शनिवारीही.

एकदा मी त्यांना आपल्या शाळेतल्या डब्याची गोष्ट सांगितली. आठवतो का तुला, आफ्रिकेतल्या गरीब बाळांसाठी पैसे टाकायचा पत्र्याचा डबा? आणि सिस्टर कशा म्हणायच्या की गोळ्या खाण्यापेक्षा बाळं वाचवा? सांगताना मला लाज वाटत होती. तर हर्मिना हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. तिकडे सुरिनामात, पारामारिबोच्या नन्सच्या शाळेत तीही डब्यात पैसे टाकायची, हिंदुस्थानातल्या गरीब बाळांसाठी. तिनं मला विचारलं, पोचले का? मी म्हटलं, नाही, आणि माझे तुला? ती म्हणाली, मी अजून वाट बघतेय. त्या दिवशी खूप दिवसांनी मी हसले, आणि घरी येऊन तुझी इतकी आठवण आली की रागच आला.

आता मुद्द्याचं. तुझी मुलगी तिथे पहिल्यांदा गेली ती वर्गातल्या एका सुरिनामी मैत्रिणीबरोबर; ती मैत्रीण अपघाताच्या आधीच मायदेशी परतली होती, म्हणून त्यांना कुणी कळवलं नाही. नव्या सभासदानं पहिल्या दिवशी एक पान सांगायचंच असतं. तिनं काय सांगितलं, ते मला हर्मिनानं सांगितलं. तेव्हा आम्ही दोघी रडत असल्यानं नीट ऐकता आलं नाही, म्हणून नंतर मी ते तिच्याकडून पुन्हा मागून घेतलं. जसं ऐकलं तसं लिहिते.

ती म्हणाली, आमच्याकडे लग्नाआधी मुलगी बघायला येतात. मी लहान असल्यापासून आत्या मला साय न् बेसन लावायची. मुलगी हुशार आहे, रंगाचं तेवढं बघा, असं सगळे माझ्यासमोर बोलायचे. एकदा एका मुलाचे काका आले. त्यांनी सगळ्यांसमोर आपला हात माझ्या हाताला लावून ताडून बघितला आणि म्हणाले, तशी काळी नाही, सावळी म्हणता येईल. माझी आई कॉन्व्हेंटात शिकलेली, घरी कधी आवाज चढवत नाही. ती उठली. त्यांच्यापुढची पोह्यांची ताटली तिनं उचलली, मुलाची उचलली, त्याच्या आईच्या हातातली चमच्यासकट काढून घेतली, आणि म्हणाली, तुमची बस चुकेल. दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार. तर ती हसायला लागली. त्या काकांनी जाताना एक शेव उचलून तोंडात टाकली होती, ते आठवून आठवून हसली. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि सहा माणसांचे पोहे संपवले. आई अधूनमधून माझ्या हाताला हात लावून ताडून बघायची आणि म्हणायची, पोह्यांपेक्षा थोडी सावळी म्हणता येईल. माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर कधीच दिसले नसेन, जितकी त्या दुपारी दिसत होते.

पद्मे, मला तू त्या दिवसाबद्दल एवढंच सांगितलं होतंस की रात्री तू उशीत तोंड खुपसून रडलीस. ते खरं असणार. पण तिनं ती रात्र इथे आणलीच नव्हती. सातासमुद्रापार अनोळखी बायकांना आपलं आनंदाचं पान म्हणून तिनं ती दुपार दिली. तू ज्याला तुझा अपराध म्हणतेस, ते तिनं इथे मिरवलं. बाइलमरमधल्या त्या बायका तुला ओळखतात. पोहे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, पण कुणी आगाऊपणा केला की त्या एकमेकींना म्हणतात, ताटली उचल. ती इथे कुढत नव्हती. एकटी नव्हती. मी शपथेवर सांगते, आणि सिस्टरांच्या धाकानं घेतलेल्या त्या शपथांपैकी ही नाही.

मला तिची आई होता येणार नाही, आणि तुझं दुःख मी कमी करू शकत नाही. माझं स्वतःचंच होत नाही. हे पत्र लिहिलं ते वेगळ्या कारणासाठी. काल बैठक होती. हर्मिनानं वही उघडली आणि म्हणाली, एका सभासदाचा नंबर वर्षभर तसाच राहिलाय, आमच्याकडे तो रद्द करायची पद्धत नाही, घरच्यांनी पुरा करायचा असतो. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी नाही म्हटलं. म्हटलं, माझ्याकडे तिचे फक्त शनिवार आहेत, बाकीची सगळी तिच्या आईकडे आहे. म्हणून मागते आहे. एक पान लिहून पाठव. मराठीत लिही, मी त्यांना समजावून सांगेन. ती लहानपणी कशाला हसायची, कुठे नाचली, काय आवडीनं खाल्लं, काहीही चालेल. अट एकच, ती मी माझ्या पदरची घालते आहे. तिचं नाव त्यात पुरं लिहायचं. नीलांबरी. मी लिहिलं बघ. आता तू लिही.

वाट बघणारी, तुझीच, भांडखोर
सुहास