सायलस आपल्या घरी जेवायचा तेव्हा

प्रिय इमलिन,

तुझा नवा पत्ता अखेर मिळाला. चॅपलमधल्या मिसेस बीव्हनचा पुतण्या तिकडे कोलोरॅडोत तुझ्याच खाणीवर लागलाय. त्याने घरी कळवलं की इथे प्रोथेरो नावाचा एक माणूस आहे, कोणाशी फारसा बोलत नाही, पण गायला लागला की सगळे गप्प होतात. मी म्हटलं, हा आपलाच. जुन्या पत्त्यावर केलेली तार परत आली होती, म्हणून आता हे पत्र. ते लांबणार आहे, कारण माझ्या डोक्यात नुसता गुंता झालाय आणि इथे तो कोणापुढे मांडावा असं कोणी नाही. नवरा म्हणून ऑस्करला सांगायला गेले तर म्हणतो, "नेस्टा, तू फार विचार करतेस," आणि डबा उचलून भट्टीवर निघून जातो.

गाव आता तुला ओळखू येणार नाही. नदीकाठी धुराडी वाढलीत. हॉलनबेकच्या नावाचं वाचनालय झालं, बाग झाली, टेकडीच्या पायथ्याशी दवाखानाही झाला. तू गेलास तेव्हा त्याचं नाव निघालं की लोक थुंकायचे. आता तीच माणसं रविवारी त्याच्या बागेत बाकावर बसून पाईप ओढतात. वर्तमानपत्रांनी तर त्याला आधी पोलादाचा राजा म्हटलं, संपानंतर कसाई म्हटलं आणि हल्ली ती त्याला गोरगरिबांचा दाता म्हणतात. माझ्या लोइसला शाळेत त्याच्यावर निबंध लिहायला लावला. एका शर्टावर गावात आलेला पोरगा, कारखान्याचं आवार झाडायचा, कष्ट केले आणि मोठा झाला. तिला बक्षीस मिळालं. घरी येऊन विचारते कशी, "आई, मग आजोबा कष्ट करत नव्हते का?" मी तिला म्हटलं, बटाटे सोल. दुसरं काय सांगणार?

एका शर्टाचं मात्र खरं आहे. तुझ्या जन्माआधीची गोष्ट, मीही लहानच होते. आई पोटमाळ्यावर भाडेकरू ठेवायची, त्यातला हा सायलस हॉलनबेक सगळ्यात हडकुळा. शनिवारी आई त्याचा शर्ट धुवायला घ्यायची आणि तो वाळेपर्यंत हा चुलीजवळ घोंगडी गुंडाळून बसायचा, पुस्तक वाचत. कांद्याच्या पातीचं मटणाचं कालवण त्याला फार आवडायचं. बाबांनीच मुकादमाला गळ घालून त्याला भट्टीवर घेतलं. पुढे तो मुकादम झाला, मग पिट्सबर्गला गेला, कोणाकोणाचे हिस्से विकत घेतले, आणि बघता बघता अर्ध्या देशातल्या आगगाड्या त्याच्या रुळांवरून धावायला लागल्या. पहिली काही वर्षं नाताळला त्याच्याकडून बदक यायचं, मग तेही बंद झालं. बाबा हसून म्हणायचे, "पोराला उसंत नसेल." आणि त्याच पोराने मजुरी कापली, कारखान्याचे दरवाजे बंद केले, बंदूकवाले भरून होड्या नदीतून वर आणवल्या. बाबा काठावर गोळी लागून कसे पडले ते तुला मी काय सांगू, तुझ्याच मांडीवर त्यांचं डोकं होतं. त्यानंतर तुला कुठल्याच कारखान्यात कोणी उभं केलं नाही. तू जाताना आईला म्हणालास, त्याची धुराडी धूर ओकताहेत तोवर मी या गावात पाऊल टाकणार नाही.  आई तुझ्यासाठी भाकरी बांधत राहिली.

या हिवाळ्यात तिची छाती कफाने भरली. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात न्या, घरी निभाव लागणार नाही. तिने साफ नकार दिला. "त्या दारावर त्याचं नाव कोरलंय, त्याच्याखालून मी जायची नाही." आम्ही सगळ्यांनी हात टेकले. शेवटी ऑस्करनेच युक्ती काढली. मागच्या बाजूला कोळसा उतरवायचं दार आहे, त्यावर काही लिहिलेलं नाही. तिथून तिला खुर्चीत बसवून आत नेलं. नाकाला काळं लागलं होतं, पण चेहऱ्यावर असा तोरा की काय सांगू! उपचार मात्र तिथे चांगले झाले, खोटं कशाला बोलू. गादी मऊ होती आणि नर्सही प्रेमळ होत्या. त्यामुळेच तर मी जास्त गोंधळले.

मग एके दिवशी हॉलनबेक स्वतः दवाखाना बघायला आला. मागे डॉक्टर, साहेब लोक, वर्तमानपत्रवाले. आता केस अगदी पांढरे झालेत रे त्याचे. आईने दुरून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सायलस, टोपी काढ. बायकांच्या खोलीत आलायस."  त्याने टोपी काढली. जवळ येऊन बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मिसेस प्रोथेरो?" बाकीच्यांना त्याने बाहेर पाठवलं. मी मात्र हलले नाही. कालवणाच्या गोष्टी निघाल्या, घोंगडीच्या निघाल्या, आई चक्क हसली. मला तिचा राग आला, इमलिन. मग तो म्हणाला, "तुमच्या नवऱ्याचं ऐकून फार वाईट वाटलं. मी तेव्हा परदेशात होतो." आई म्हणाली, "ठाऊक आहे मला. इथे असतास तर माझ्या दारावरून जावं लागलं असतं. मग बंदुका बोलावणं तुला जमलं नसतं."  तो टोपी हातात फिरवत बसला.

त्यानंतर तो येतच राहिला, एकटा, मागेपुढे कोणी नाही. येताना संत्री आणायचा. आई खायची! मी चिडले तर ऑस्कर म्हणाला, "खाऊ दे की, आपल्याच घामाची आहेत." मी तिला सरळ विचारलं, "तू त्याला माफ केलंस का?" ती म्हणाली, "मी काय पाद्री आहे?" मग एका दुपारी तिने मला जवळ बसवलं आणि शवपेटी कोण कोण उचलणार ते सांगितलं. ऑस्कर, मिस्टर बीव्हन, चॅपलमधले आणखी तिघे. "पुढची डावी बाजू इमलिनची. तो नाही पोचला तर सायलसला सांग." मी ओरडलेच, "का म्हणून?" ती म्हणाली, "त्याला वजन कळू दे." एवढंच. नीट विचारायला गेले तर म्हणाली, "दमले गं," आणि भिंतीकडे तोंड केलं. ही माया होती की शिक्षा? मला अजून कळत नाही. बाबांना काय वाटलं असतं, तेही कळत नाही.

आई गेली, इमलिन. गेल्या महिन्यात, झोपेतच. मी तार केली, ती परत आली, आणि मग मीच त्याच्या घरी जाऊन आईचा निरोप सांगितला. त्याने कोट अंगात घातला आणि माझ्याबरोबर पायीच निघाला. शवपेटीची पुढची डावी बाजू खांद्यावर घेऊन दफनभूमीचा चढ चढताना त्याला धाप लागली. मिस्टर बीव्हनने बदली माणूस पुढे केला तर म्हणाला, "नको, मलाच नेऊ द्या." बाबांच्या थडग्याशी तो इतका वेळ उभा राहिला की शेवटी ऑस्करने त्याला हाताला धरून खाली आणलं. वर्तमानपत्रात त्याचं छायाचित्र आलंय, 'मोठ्या मनाचा माणूस' म्हणून. खाली आईचं नावसुद्धा नाही, नुसतं 'एका मजुराची विधवा'. ते कधीतरी तुझ्या खाणीवर पोचेल आणि तुझ्या जागी त्याला उभा पाहून तुझं काळीज फाटेल. ते वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तिचं नाव मार्गेड प्रोथेरो होतं आणि तिने तुझी जागा अखेरपर्यंत तुझीच म्हणून सांगितली. ती त्याला द्यायला मी गेले. बरोबर केलं की चूक, तू सांग. पत्रातून नको, इथे येऊन सांग. हवं तर दारातूनच मला शिव्या घाल, पण ये.

तुझीच,
नेस्टा