हजेरीत नसलेली नावं

बाई,

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि नांदेडचं आमचं मुलींचं हॉस्टेल पाण्यावाचून बंद झालं. बाकीच्या मुली नातेवाइकांकडे गेल्या. मी दोन दिवस खोली शोधली. आडनाव ऐकलं की घरमालक "बघून सांगतो" म्हणायचे. तुम्ही माझ्या मार्गदर्शक, म्हणून पीएचडी सोडून चाकूरला परत जाते हे सांगायला तुमच्या घरी आले. तुम्ही उदगीरच्या लिंगायत व्यापारी घरातल्या. कुणी न सांगताच मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. तुम्ही भाकरी थापत होतात. वर न बघता म्हणालात, "माठ आत आहे. तुझ्या हातानं घे, माझे पिठानं भरलेत." चार महिने मी तुमच्याकडे राहिले.

माझा विषय होता बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या बायका. पहिलं प्रकरण तुम्ही वाचता आणि चष्मा काढून ठेवता. "तुझी आई होती ना गं त्या कामावर? मग ती यात कुठाय?" मी म्हणते, घरचं लिहिलं तर त्याला संशोधन कोण म्हणेल? "आणि लपवलं तर म्हणतील?" एवढंच बोलता. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

मग आपण दोघी एसटीनं गावी गेलो. माय तुमच्यासमोर खाली बसली, तर तुम्हीही तिच्याशेजारी जमिनीवर बसलात. ती म्हणाली, "बाई, सात म्हैने हातोडा चालवला म्या. पन हजेरीला माजं नाव न्हाई. अमक्याची बायको म्हनून हाळी द्यायचे." लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतून नवाच निघाला होता, जुने कागद थोडे उस्मानाबादला, थोडे लातूरला. दोन्हीकडे खेटे घातल्यावर हजेरीचं मस्टर सापडलं. मायचं खरं होतं. पानंच्या पानं बायकांची, पण नाव एकीचंही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "ही साक्ष तुमच्या आईची. ती आम्ही कशी धरावी?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग मीच बोलले. नातं पहिल्याच पानावर लिहिलंय सर, आणि मस्टर जिथं गप्प आहे तिथं तिच्याशिवाय बोलणार कोण? बोलता बोलता तोंडातून "न्हाई" गेलं, ते मी सुधारलं नाही. परीक्षकांनी बराच वेळ मस्टरची नक्कल चाळली, आणि मायचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात. निलंग्याच्या एका मुलीनं परवाच ऊसतोड करणाऱ्या बायकांवरचा प्रबंध दिला. ज्यांनी नको म्हटलं त्या सोडून प्रत्येकीचं नाव आणि गाव त्यात आहे. त्यातली एक तिची मावशी. हे तिनं पहिल्या भेटीतच सांगितलं, मला विचारावं लागलं नाही.

हे पत्र पोस्टात पडायचं नाही. पण एक कबूल करते. तुम्ही गेल्याचं मला सकाळीच कळलं होतं. नांदेडची बस स्टँडवर उभी होती. मी चढले नाही. घरात तुमची माणसं जमली असतील, आणि तू त्यांची कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगावं, ते मला सुचेना.